बिनकामाचा कपॅसिटर

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार करतो. आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्र वाचून ठरवा.

ताई जाऊन चौदा महिने झाले आणि एवढ्या काळात मी तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नाहीत. ती होती तेव्हा लिहायची गरजच पडली नाही. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे ती पोचवायची, वर स्वतःचं तिखटमीठ लावून. ती गेल्यावर तुमचं-माझं नातं नक्की काय उरलं, हे मला कळेना. बायकोचा भाऊ म्हणायचं, तर बायकोच नाही. दोन-तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. म्हणून हे पत्र.

कामाचं लिहितो. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. दिवसभर पाण्याच्या धारेखाली काच फिरत असते. संध्याकाळी शटर पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. या दिवसांत पुन्हा गिटार घेतली. माझी पहिली तुमच्या माळ्यावर पडली असेल, जिला तुम्ही तुणतुणं म्हणायचात. ही दुसरी.

इथे पोस्टातला एक जण ड्रम वाजवतो आणि शाळेतल्या एक बाई कीबोर्ड. सात एप्रिलला क्लबच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे. त्यांनी मला विचारलं, "येतोस का आमच्यात?" असं मला कोणी विचारून वीस वर्षं झाली असतील. त्यांना गिटारचा आवाज जरा फाटलेला हवा. त्यासाठी पायाखाली ठेवायची एक डबी असते, तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिथून पुढे अ‍ॅम्प्लिफायरला. मी तिचं सुटं किट आणून घरी जोडलं. आवाज फाटतो, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो.

तुम्ही पस्तीस वर्षं दुकानात बसून लोकांचे फाटके लाउडस्पीकर नीट केलेत. हा एक आवाज मुद्दाम फाडायचा आहे. बघाल का?

तुमचा
बारक्या
(सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने अशी सही करू नये, पण ताईने दुसरं नाव रुळूच दिलं नाही.)


११ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पत्र मिळालं. आशीर्वाद आहेच, तो काही मी कपाटात कुलूप लावून ठेवलेला नाही.

फोनचं म्हणशील तर फोनवर सर्किट काढून दाखवता येत नाही. शिवाय हल्ली लोक पुटपुटतात. स्पष्ट बोलायची पद्धतच गेली. पत्र बरं.

नातं काय उरलं म्हणे. माझ्या लग्नात तू सात वर्षांचा होतास आणि भर मांडवात माझ्या मांडीवर झोपला होतास. माझ्या नव्या पँटचं तू काय केलंस, ते मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. नातं म्हणजे आणखी काय असतं?

माझं ठीक चाललंय. दोन वेळा शिजवतो, एक वेळा जेवतो. पहिला महिनाभर घर माणसांनी भरलेलं होतं, दार बंद व्हायचं नाही. मग सगळे आपापल्या घरी गेले आणि जे गेले ते गेलेच. आता कोणी येत नाही. शेजारच्या वकीलबाई नाहीत, कोपऱ्यावरचा शिंपी नाही, दुकानातला माझा भागीदारसुद्धा नाही. लोक तुझ्या बहिणीकडे यायचे आणि मी त्यांच्या वाटेत बसलेला असायचो, एवढं मला आता कळलं. तूही एकदा आला नाहीस. असो.

तुझं पेडलचं वाचून आधी मनात आलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण डबी पाठव. टेबलावरची धूळ तरी झटकली जाईल.

भाऊजी


२२ फेब्रुवारी

भाऊजी,

डबी पार्सलने पाठवली आहे. किटसोबतचा कागद मात्र माझ्याकडून कुठेतरी गहाळ झाला, सर्किट तुम्हाला उघडूनच बघावं लागेल. तुम्हाला काय कठीण आहे.

यायचं जमलं नाही. दुकानातून सुट्टी मिळत नाही.

बारक्या


२८ मार्च

बारक्या,

उशीर झाला, पण काम बघशील तेव्हा तक्रार करणार नाहीस. महिनाभर मी माणसात होतो. सकाळी उठलो की आज काय करायचं हे ठाऊक असायचं. परवा तर जेवायचं विसरलो, आणि आठवलं तेव्हा हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आता केलं काय ते सांगतो. टोनच्या नॉबपाशी ०.२२ चा कपॅसिटर होता. कपॅसिटर म्हणजे वाटेवरचा चौकीदार, कोणता आवाज सोडायचा आणि कोणता अडवायचा ते तो ठरवतो. तुझा चौकीदार सगळे बारीक, धारदार आवाज बाहेरच्या बाहेर परत पाठवत होता. त्याच्या जागी ०.१ लावला, म्हणावा तसा फरक नाही. शेवटी ०.०४७ लावला, तेव्हा कुठे तारेला धार आली. मग डायोड. आवाज फाडायचं काम ते करतात. दोन समोरासमोर होते, मी एका बाजूला तिसरा जोडला. आता फाटणं दोन्ही बाजूंनी सारखं होत नाही, जरा ओबडधोबड होतं, माणसाच्या घशासारखं. आणि एक मसुराएवढा कपॅसिटर होता, ५१ पिकोचा. काढून पाहिला, लावून पाहिला, पुन्हा काढला. शपथेवर सांगतो, काडीचा फरक पडत नाही. कोणाच्या अध्यात ना मध्यात, नुसता जागा अडवून बसलेला. उचलून फेकला. बिनकामाचा.

तपासायला माळ्यावरचं तुझं तुणतुणं काढलं. मला वाजवता येत नाही, पण सहा तारा वरून खाली छेडायला काय लागतं? तुझी बहीण असती तर तिला शेजारी बसवलं असतं. जवळजवळ चाळीस वर्षं ती त्या स्टुलावर बसून मला सांगत आली, "अजून घुमतंय", "आता बरं झालं". मी म्हणायचो, तुला यातलं काय कळतं? आणि ती म्हणेल तिथेच नॉब सोडायचो.

खोलीत जरा तिखट वाटेल. हॉल मोठा असला की बसेल. कार्यक्रम झाला की सविस्तर कळव. वाट बघतोय.

भाऊजी


१० एप्रिल

भाऊजी,

कार्यक्रम झाला. छान झाला. पेडल वाजलं आणि लोक उठून उभे राहिले. आणखी काय लिहू? तुमचं नाव सगळ्यांना सांगितलं.

दुकानात काम फार आहे, म्हणून आटोपतं घेतो.

बारक्या


१८ एप्रिल

बारक्या,

उभे राहिले? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एवढं होऊन चारच ओळी लिहितोस, तुझ्या बहिणीने चार पानं लिहिली असती. कोण कोण उभं राहिलं, पुढचे की मागचे, हे सुद्धा नाही.

मी आणखी दोन डब्या करायला घेतल्या आहेत. बेत तोच, ०.०४७ आणि बिनकामाचा कपॅसिटर नाही. एक त्या पोस्टातल्या गृहस्थांना दे, त्यांच्या ओळखीत कोणी गिटारवाला असेलच. आणि वाद्यांच्या एका मोठ्या दुकानाला पत्र लिहून ठेवलंय. नमुना पाठवतो, वाजवून पाहा, आवडलं तर महिन्याला पाच-सहा करून देईन. तुझ्या कार्यक्रमाचा दाखला त्यात घातलाय. शुद्धलेखन एकदा तपासतो आणि टाकतो.

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मला वाटलं होतं की आता आपलं कोणाला काही काम उरलेलं नाही. तू होतास म्हणून हे झालं.

भाऊजी


२ मे

भाऊजी,

हे पत्र चारदा फाडलं. आता येईल तसं लिहितो. आधी एवढं ऐका, दुकानाला ते पत्र टाकू नका.

कार्यक्रम चांगला झाला नाही. लोक उभे राहिले हे खरं आहे, पण ते दाराकडे जायला. पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज येत होता. पुढच्या रांगेतल्या मुलीने कानात बोटं घातली. बाईंनी वाजवता वाजवताच मला बंद कर म्हणून खूण केली. मी पायाने पेडल बंद केलं आणि उरलेला वेळ नुसती साधी गिटार वाजवली, म्हणजे वाजवल्यासारखं केलं. आदल्या दिवशी खोलीतही आवाज टोचला होता. पण म्हटलं, भाऊजींनी सांगितलंय हॉलमध्ये बसेल, तर बसेल. आवाजाच्या बाबतीत तुमच्या शब्दापुढे आमच्या घरात कधी कोणी गेलं नाही. मग मी माझ्या कानांवर विश्वास ठेवायचा की तुमच्या?

तुमच्यापाशी खोटं बोललो, कारण तुमचं मार्चमधलं ते पत्र. ताई गेल्यापासून तुम्ही खुशीत असल्याचा तो मला दिसलेला पहिला पुरावा होता. तो माझ्या हातून मोडवेना.

नंतर मी डबी उघडली आणि ५१ पिकोचा नवा कपॅसिटर आणून लावला. भाऊजी, त्याने फरक पडतो. खूप पडतो. मी पुन्हा पुन्हा काढून-लावून पाहिला. मग ०.०४७ काढून ०.१ लावला. तुम्हाला त्याने काही झाल्यासारखं वाटलं नव्हतं, मला भरपूर वाटलं. आता आवाज सुरेख आहे. तुमचा तिसरा डायोड तर मी हलवलेलाच नाही, तो या डबीतला सगळ्यात चांगला भाग आहे.

आमच्या दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, हल्ली पेपरवाले फार बारीक छापतात. आम्ही वाद घालत नाही. नाकावर काच ठेवतो आणि विचारतो, "आता?" कानांसाठी माझ्याकडे काच नाही. पण तुमच्याकडे ते एक-एक सूर काढणारं यंत्र आहे, सिग्नल जनरेटर. तो स्पीकरला जोडा, मध्ये मीटर लावा, आणि खालच्या सुरापासून वर जा. जिथे आवाज थांबला असं वाटेल तिथे मीटरच्या काट्याकडे बघा. एवढं माझ्यासाठी करा.

बारक्या


९ मे

महाशय,

आपलं पत्र पोचलं. माझ्या कानांची काळजी आपण करू नये. यापुढे पत्र पाठवायचे कष्टही आपण घेऊ नयेत. दोन्ही डब्या मोडून टाकल्या आहेत.


१४ जून

बारक्या,

मागच्या पत्रात तुला 'आपण' म्हटलं ते विसर. रागात हात वळला.

ते यंत्र मी महिनाभर काढलं नाही. शेवटी काढलं ते तू खोटा ठरावास म्हणून. शंभरापासून सुरू केलं. पाचशे, हजार, दीड हजार, सगळं स्वच्छ. दोन हजारांपुढे आवाज पातळ झाला आणि अडीच हजारांना संपला. म्हटलं, स्पीकर गेला. काट्याकडे पाहिलं तर तो आपल्या जागी उभा. तीन हजार, चार हजार, आठ हजार. काटा उभा आणि घरात काहीच नाही. समोरच्या अंगणात कुत्रा झोपलेला दिसत होता. मी चार हजारांवर नॉब नेला तशी त्याने मान वर केली. कुत्र्याला ऐकू येत होतं, बारक्या, आणि मी हातात नॉब धरून बसलो होतो.

आधी तुझ्यावर चिडलो होतो, मग तुझ्या बहिणीवर चिडलो. तिला माहीत असणार. शेवटची आठ-दहा वर्षं फोन तीच उचलायची, दार तीच उघडायची, आणि प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायची. मी म्हणायचो, वयाने तुझी बडबड वाढलीय. ती हसायची आणि तिसऱ्यांदा सांगायची. मला कधी कळू दिलं नाही. तिच्यावर किती वेळ चिडणार? रात्री जेवलो नाही, एवढंच.

आता खरी गोष्ट लिहितो. ती लिहायला हात धजत नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन घरभर फिरलो. गजराचं घड्याळ, कुकरची शिट्टी, फोन. मग दाराची घंटी. तुझ्या बहिणीनेच बसवलेली ती, पाखरासारखी चिवचिवणारी. तिच्या पोटातल्या छोट्या स्पीकरला दोन तारा अडकवल्या, दार उघडं टाकलं आणि बाहेर जाऊन बटण दाबलं. तिथूनही काटा दिसत होता. तो नाचत होता. घंटी उत्तम चालू आहे. मला काही नाही.

मी उंबरठ्यावरच बसलो. मग उठलो, चपला घातल्या आणि वकीलबाईंच्या दारात जाऊन विचारलं, "तुम्ही वर्षभरात माझ्याकडे कधी आला होतात का?" त्या म्हणाल्या, "चारदा आले. तुम्ही उघडलं नाहीत. म्हटलं, तुम्हाला माणूस नकोसं झालंय, कशाला त्रास द्या." शिंपी दोनदा येऊन गेला. भागीदाराचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी तो काठी टेकत आला होता. पंधरा मिनिटं दारात उभा राहून परत गेला, आणि तेव्हापासून माझं नाव काढत नाही. काल त्याच्याकडे जाऊन बसलो. तो काय काय बोलला त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण बसलो.

जवळजवळ दीड वर्ष मी सगळ्यांवर रुसून बसलो होतो आणि ते माझ्यावर.

तुला एकच विचारतो. तू आला होतास का? मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नकोस. तो प्रकार आपण एकदा करून पाहिलाय.

भाऊजी


२० जून

भाऊजी,

आलो होतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला. दुकानातून दोन दिवसांची सुट्टी काढली होती, ती मागितली की मिळते. पिशवीत कपडे होते. चार वेळा बटण दाबलं. ते पाखरू आत चिवचिवत होतं, मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. मग बाजूच्या खिडकीशी गेलो. तुम्ही टेबलापाशी बसला होतात, खिडकीकडे पाठ करून. पुढ्यात काहीच नव्हतं, ना रेडिओ, ना पेपर. मी बंद काचेआडून हलकेच भाऊजी म्हणून हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, कळायचं ते कळलं आपल्याला. परतीच्या बसला तीन तास होते. ते स्टँडवर बाकावर बसून काढले. तुम्ही मागून याल असं पहिला तासभर वाटत होतं.

घरी पोचल्यावर मीही ताईवरच चिडलो. म्हटलं, बघ, कोणाच्या भरवशावर सोडून गेलीस. नंतर फोनही तुम्ही उचलला नाहीत, तेव्हा खात्री पटली. सहा महिने मी तुमचं नाव घेतलं नाही. दुसरं कोणाचं घ्यावं असं माझ्याकडे कोणी नव्हतं, म्हणून कोणाचंच घेतलं नाही.

आणखी एक कबुली द्यायची आहे. किटसोबतचा कागद गहाळ झाला नव्हता. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. आवाज उशीत दबल्यासारखा आला तर कोणता कपॅसिटर बदलायचा आणि किती ठेवायचा, हे त्यात छापलेलं होतं. माझं ते काम अर्ध्या तासाचं होतं. पत्र मी पेडलसाठी लिहिलंच नाही. तुम्हाला मी खरंच नको आहे का, ते मला एकदा तुमच्या अक्षरात वाचायचं होतं. म्हणजे वाट बघणं तरी संपलं असतं. तुम्ही उलट टपाली डबी पाठव म्हणून लिहिलंत, आणि मी दुकानात काच हातात धरून रडलो. मालकांना सांगितलं, डोळ्यात कण गेला.

कानाच्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. तुम्ही नाही म्हणाल, तेव्हा मी दोनदा सांगेन. लागलं तर तीनदा.

शनिवारी येतोय. घंटी वाजवणार नाही. दार लोटलेलं असेल तर सरळ आत येईन. कडी लावलेली असेल तर त्याच खिडकीशी उभा राहीन, तुम्ही मागे वळून बघेपर्यंत. या वेळी मला परतीची बस गाठायची नाही.

तुमचा
बारक्या